वर जायचे तर विषय सोडा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दर वर्षी होते, त्यांना आमच्या बँकेत कोणी साहेब म्हणत नसे. ते सगळ्यांचे काका होते. काका रोखपाल म्हणून लागले आणि मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर, आणि शेतकी अधिकारी म्हणूनच माझी भरती झाली. काका जनरल बाजूचे, म्हणजे शाखा चालवणारे; मी स्पेशालिस्ट, म्हणजे एका विषयासाठी घेतलेला. आज बढतीच्या ज्या भांडणाविषयी बोलायचे आहे, त्याच्या दोन टोकांना आम्ही दोघे उभे होतो. विषय काय घेणार असे मला विचारले गेले तेव्हा दुसरा काही सुचलाच नाही.

१९८९ साली आमच्या अधिकारी संघटनेच्या सभेत काकांनी एक ठराव मांडला होता. शेतकी अधिकाऱ्यांना जनरल बाजूच्या ज्येष्ठता यादीत घेऊ नये, असा तो ठराव. मी तावातावाने विरोधात बोललो. ठराव मंजूर झाला. सभा सुटल्यावर काकांनी मला दंडाला धरून समोरच्या हॉटेलात नेले, दोन चहा सांगितले आणि विचारले, "अरे, तुला नक्की काय हवंय? शाखा हवीय की स्केल?"

मी म्हणालो, "स्केल." म्हणजे वरची श्रेणी.

"मग शाखा कशाला मागतोस?"

"शाखा घेतल्याशिवाय स्केल मिळत नाही, काका. म्हणून मागतो."

चहा येऊन निवला तरी ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू सभेत का नाही बोललास?"

सभेत मी आमच्यावरच्या अन्यायाबद्दल बोललो होतो, आमच्या पदव्यांबद्दल बोललो होतो, जनरल बाजूला शेतीतले काही कळत नाही असेही बोललो होतो. मुद्दा मात्र चहाच्या टेबलावर निघाला. या भांडणात नेहमी असेच होते. दोन्ही बाजू एकमेकांच्या लायकीवर बोलतात आणि ज्या शिडीमुळे भांडण लागले, तिच्याकडे कोणाची नजर जात नाही.

बँकेत स्पेशालिस्ट आले कुठून, हे आधी सांगतो. १९६९ पूर्वीचा बँक अधिकारी बहुधा काउंटरवरून वर आलेला असे. खतावणी, रोकड, हुंड्या, मालतारण कर्ज ही त्याची शाळा. जून १९६९ मध्ये देशात सगळ्या व्यापारी बँकांच्या मिळून सुमारे ८,२०० शाखा होत्या, आणि त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः व्यापारी नि कारखानदार. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने क्षेत्रवार दृष्टिकोन मांडला: प्रत्येक जिल्ह्याच्या गरजा पाहून तिथल्या पतपुरवठ्याची आखणी व्हावी. नरिमन समितीने त्याला रूप दिले आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली. पुण्याच्या गोखले संस्थेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या विचारातून देशभरच्या बँका जिल्ह्याजिल्ह्यात गेल्या, ही मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

पण जिल्ह्यात जाऊन कर्ज कोणाला द्यायचे, किती, कधी आणि परत केव्हा मागायचे? मालतारणावर कर्ज देणाऱ्याला गोदामातली पोती मोजता येत होती. उभे पीक त्याला मोजता येत नव्हते. म्हणून बँकांनी कृषी पदवीधर घेतले. राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे, अकोल्याचे १९६९ चे, परभणी आणि दापोलीची १९७२ ची. पदवीधर तयार होत होते आणि बँकांना ते हवे होते. पुढे कायदा अधिकारी, राजभाषा अधिकारी, सुरक्षा अधिकारी, अभियंते, सनदी लेखापाल आणि सगळ्यात शेवटी संगणकवाले आले. प्रत्येक वेळी बँकेने एखादे नवे काम अंगावर घेतले आणि त्या कामाची माणसे आणली. ती माणसे पंधरा वर्षांनी कुठे असतील, हा प्रश्न आणताना कोणी विचारला नाही.

माझे क्षेत्र तासगाव परिसर. द्राक्षबागाईतदाराचे वर्ष छाटणीवर चालते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतरच्या आठवड्यांत त्याला पैसा लागतो. औषधे, संजीवके, मजूर, सगळे एकदम. भुरी नाहीतर डाऊनी आली तर फवारणीला एक दिवसाचाही उशीर चालत नाही. मी रुजू झालो तेव्हा शाखेत पडून असलेली कर्जप्रकरणे पाहिली. कागद पूर्ण होते, सातबारा होता, आठ-अ होता, आणि मंजुरी जानेवारीत झालेली होती. जानेवारीत मिळालेल्या पैशाने ऑक्टोबरची फवारणी होत नाही. त्या शेतकऱ्याने तोवर सावकाराकडून नाहीतर औषध दुकानदाराकडून उचल घेतलेली असायची आणि बँकेचा पैसा त्याची परतफेड करण्यात जायचा. हप्ता मात्र मार्चअखेरीचा. मार्चमध्ये माल शेडवर वाळत असतो. बेदाणा तयार होऊन शीतगृहात जातो, सौद्यात निघतो, मग पैसे हातात येतात. म्हणजे कर्ज उशिरा आणि वसुली लवकर. अशा प्रकरणांवर थकबाकीचा शिक्का बसला होता आणि शेरा होता, 'कर्जदार परतफेडीस अनुत्सुक.'

आम्ही फक्त तारखा बदलल्या. सप्टेंबरात मंजुरी आणि हप्ता बेदाण्याच्या सौद्यांनंतर. त्या शाखेची वसुली सुधारली ती एवढ्याने. शाखाधिकारी भला माणूस होता, त्याने माझे ऐकले. पण त्याला स्वतःला हे माहीत असण्याचे काही कारण नव्हते. तो त्याआधी परकीय चलनाच्या टेबलावर होता आणि नंतर एका महानगरातल्या मोठ्या शाखेत गेला. जाणकार माणूस बँकेत का लागतो, याचे याहून मोठे उदाहरण माझ्याजवळ नाही. आजचे माझे सगळे म्हणणे त्या तारखांवर उभे आहे.

आता त्या जाणकाराला बँकेने काय दिले ते पाहू. राष्ट्रीयीकृत बँकांत अधिकाऱ्यांच्या श्रेण्या वेगवेगळ्या होत्या. पिल्लई समितीने त्या एकसारख्या करण्याचे सुचवले आणि १ जुलै १९७९ पासून सेवा विनियम आले. स्केल एक ते स्केल सात. कनिष्ठ, मध्यम, वरिष्ठ आणि सर्वोच्च व्यवस्थापन. विनियम १७ म्हणतो, बढती संचालक मंडळाच्या धोरणानुसार, सरकारी मार्गदर्शक सूचना लक्षात घेऊन. विनियम १८ म्हणतो, ज्येष्ठता त्या श्रेणीत नेमणूक झाली त्या तारखेपासून. कागदावर हे स्वच्छ आहे. शिडी एकच दिसते. प्रत्यक्षात तिच्या आत दोन शिड्या बसवल्या गेल्या आणि त्यांतली एक मध्येच संपत होती.

समजा एखाद्या बँकेत चारशे शेतकी अधिकारी स्केल एकमध्ये आहेत. शेतकी विभागात स्केल तीनच्या चाळीस जागा, स्केल चारच्या सहा, स्केल पाचची एक. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण उतार असाच असतो. सुरक्षा आणि राजभाषा अधिकाऱ्यांचा उतार याहून कडक, कारण त्यांची मूळ संख्याच थोडी. मग बऱ्याच बँकांनी मार्ग काढला तो रूपांतराचा. स्पेशालिस्टाने अर्ज करायचा, मुख्य प्रवाहात यायचे, शाखा चालवायची, आणि मग जनरल बाजूच्या यादीतून पुढे जायचे. रूपांतर एकदा झाले की परत फिरता येत नाही. वर जायचे असेल तर विषय सोडून द्यायचा.

मित्रहो, याचा परिणाम विचारात घ्या. पंधरा वर्षे द्राक्ष, हळद, ऊस, दूध पाहिलेला माणूस ज्या दिवशी खऱ्या अर्थाने जाणता होतो, त्याच दिवशी बँक त्याला सांगते की आता हे सोड. त्याच्या जागी नवा पदवीधर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

आता काकांच्या बाजूने बोलतो. ही बाजू नीट न मांडता मी घरी गेलो तर काकांना अजिबात आवडणार नाही. लिपिक म्हणून लागलेल्या माणसाला अधिकारी व्हायला परीक्षा, मुलाखत आणि वर्षानुवर्षांची वाट. मग बदली. मुले शाळेत, आई आजारी, आणि नेमणूक गडचिरोलीला नाहीतर परराज्यात. तिजोरीची किल्ली त्याच्याजवळ. रोकड कमी भरली तर खिशातून भरायची. कर्ज मंजूर करताना सही त्याची, म्हणून ते कर्ज बुडाले की जबाबदारी निश्चित करण्याच्या चौकशीत नाव त्याचे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आरोपपत्र मिळालेले आणि ग्रॅच्युइटी अडकून पडलेले किती सहकारी मी पाहिले आहेत. शिफारस करणारा शेतकी अधिकारी किंवा 'मालकी हक्क निर्वेध' असे लिहिणारा वकील त्या चौकशीतून सहसा सुटतो, सही करणारा सुटत नाही. आणि अशा माणसाच्या डोक्यावर एक दिवस बत्तीस वर्षांचा कोणी थेट स्केल तीनमध्ये येऊन बसतो. तो मुख्य कार्यालयात असतो, त्याने शाखा पाहिलेली नसते. पुढच्या यादीत त्याचे नाव वर. काका म्हणायचे, "त्याला जास्त पगार द्या, मला दुःख नाही. पण माझ्या पंचवीस वर्षांना शून्य म्हणू नका." या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. बायका या नोकरीत मोठ्या संख्येने आल्या आणि ग्रामीण भागातली ठरावीक वर्षे ही बढतीची अट त्यांना किती महाग पडली, हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

हे भांडण फक्त व्यापारी बँकांचे नाही. खुद्द रिझर्व्ह बँकेत ते निदान दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पहिले लिपिकांचे. रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक केंद्रात सर्वसाधारण बाजू वेगळी आणि विशेष विभाग वेगळे, प्रत्येकाची ज्येष्ठता वेगळी. विशेष विभाग झपाट्याने वाढले, तिथे बढत्या लवकर झाल्या, आणि सर्वसाधारण बाजूचे लोक त्याच पगारात मागे राहिले. त्यांच्या तक्रारीला वर्षे लोटली. अखेर १९७२ मध्ये बँकेने एकत्रित ज्येष्ठतेची योजना आणली. मग विशेष विभागातले लोक न्यायालयात गेले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालीवाल खटल्यात ती योजना वैध ठरवली.

दुसरा खटला अधिकाऱ्यांचा, खानझोडे विरुद्ध रिझर्व्ह बँक, १९८२ चा. निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचा. तिथेही गटवार ज्येष्ठता होती. बँकेने ७ जानेवारी १९७८ च्या परिपत्रकाने पहिल्या तीन गटांची एकत्रित ज्येष्ठता केली आणि ती २२ मे १९७४ पासून लागू केली. एकत्र यादीत कोणी वर गेले, कोणी खाली आले. खाली आलेल्यांनी विचारले, असे परिपत्रकाने करता येते का, आणि तेही मागच्या तारखेपासून? न्यायालयाने बँकेचा अधिकार मान्य केला. निकालातला एक विचार मला नेहमी आठवतो. सेवाविषयक कोणतीही योजना निर्दोष असू शकत नाही, कोणत्या ना कोणत्या वर्गाची अपेक्षा भंग पावणारच, असे सरन्यायाधीशांनी लिहिले.

कायद्याची भूमिका त्याआधीच ठरत आली होती. मराठवाड्यातल्या तहसीलदारांच्या रामचंद्र शंकर देवधर खटल्यात, म्हणजे राज्य पुनर्रचनेनंतर हैदराबादेतून मुंबई राज्यात आलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बढतीची नुसती संधी ही सेवेची शर्त ठरत नाही. बढतीसाठी आपला विचार व्हावा हा हक्क आहे. बढती मिळावीच, असा हक्क नाही. १९९८ मध्ये ग्रामीण बँकांच्या शिवय्या खटल्यात 'ज्येष्ठता नि गुणवत्ता' या शब्दांचा अर्थ लावला गेला: किमान गुणवत्ता ठरवा, ती असलेल्यांना ज्येष्ठतेने बढती द्या.

मी हे निकाल वकिलासारखे वाचलेले नाहीत. ज्याचे त्यात बरेवाईट होते त्याच्या नजरेने वाचले आहेत. त्यांतून मला एवढे कळले की न्यायालय यादी कायदेशीर आहे की नाही ते पाहते. ती शहाणपणाची आहे की नाही, हे पाहणे त्याचे काम नाही आणि ते पाहतही नाही. आमच्या संघटनांनी वर्षानुवर्षे वर्गणीचा पैसा वकिलांवर घातला. स्पेशालिस्टांची संघटना एका बाजूला, आमची दुसऱ्या बाजूला. एका बाजूने स्थगिती आणली की दोन-दोन वर्षे बढत्याच ठप्प. त्या काळात निवृत्त झालेल्यांच्या हाती काहीच लागले नाही. त्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते.

आणखी एक गोष्ट मी फार जवळून पाहिली. स्पेशालिस्टाचे काम पुष्कळदा नाही म्हणण्याचे असते. कायदा अधिकारी सातबारा आणि फेरफार पाहून म्हणतो, वाटणी झालेली नाही, बहिणींची नावे कमी केलेली आहेत, हे तारण घेऊ नका. जोखीम विभाग म्हणतो, या धंद्याला एवढी मर्यादा देऊ नका. संगणक सुरक्षेचा माणूस म्हणतो, ही यंत्रणा अजून सुरू करू नका. ज्याला नाही म्हणायचे, तोच विभागप्रमुख त्याचा गोपनीय अहवाल लिहितो, आणि विभागप्रमुखाचे स्वतःचे गुण कर्जवाटपाच्या उद्दिष्टावर ठरलेले असतात. एका विभागीय कार्यालयात, नाव मी घेणार नाही, माझ्या एका कायदा अधिकारी सहकाऱ्याच्या अहवालात 'व्यवसायवाढीस पोषक दृष्टिकोन नाही' असा शेरा पडला. त्याने तीन प्रकरणे अडवली होती. तो शेरा त्याला बढतीच्या मुलाखतीत दोनदा वाचून दाखवला गेला. तिसऱ्या वेळी त्याने रूपांतराचा अर्ज दिला. त्यानंतर त्याने कुठलेही प्रकरण अडवले नाही, कारण अडवण्याचे काम आता त्याच्याकडे नव्हते.

काहींना वाटते की माणसाला एकाच विषयात ठेवले तर तो तिथे घर करतो आणि घोटाळे होतात. म्हणून फिरवत राहावे. या म्हणण्यात वजन आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण उघड झाले. हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून बाहेर जात होते आणि बँकेच्या कोअर प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. संबंधित अधिकारी वर्षानुवर्षे त्याच टेबलावर होता. संवेदनशील जागी माणूस तीन वर्षांवर ठेवू नये, हा दक्षता आयोगाचा नियम तिथे पाळला गेला नव्हता. पण दोन गोष्टी इथे सुट्या करायला हव्यात. माणूस एका टेबलावरून हलवणे वेगळे, आणि एका विषयातून हलवणे वेगळे. तासगावचा शेतकी अधिकारी तीन वर्षांनी जालन्याला पाठवा, बियाण्यांच्या धंद्यात पाठवा, मग अकोल्याला कापसात पाठवा. तो हलला आणि विषयही वाढला. त्याला नोटा मोजायला बसवल्याने घोटाळा टळत नाही. शिवाय त्या प्रकरणात स्विफ्ट आणि कोअर प्रणाली जोडलेल्या नाहीत हे ओळखून मोठ्याने सांगायला जो लागतो, तो त्या यंत्रणेचा जाणकारच. आणि त्याचे ऐकले जाईल एवढे त्याचे पद वर असावे लागते.

हे सरकारलाही पटत गेले असावे. ऑगस्ट २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी सरकारी बँकांच्या विलीनीकरणाची घोषणा केली, तेव्हाच मुख्य जोखीम अधिकारी बाजारातून, बाजारभावाच्या पगारावर घेण्याची मुभा दिली. त्या वेळी मी निवृत्त होतो, पण मला वाईट वाटले. माणूस बाहेरून घेतला म्हणून नाही. चाळीस वर्षे स्पेशालिस्ट भरती करून बँकांना आपल्या घरात एक जोखीम जाणणारा माणूस त्या उंचीपर्यंत वाढवता आला नाही, म्हणून. ज्यांना वाढवायचे होते त्यांना आम्ही स्केल तीनच्या पायरीवर विषय सोडायला लावला होता.

पुढे एप्रिल २०२० मध्ये दहा बँकांच्या चार झाल्या आणि नवा प्रश्न आला. विलीन झालेल्या बँकांत एकीत शेतकी अधिकारी स्केल चारपर्यंत आपल्या विषयात जात होता, दुसरीत दोनवरच थांबत होता. एकत्र यादी करताना कोणाची शिडी धरायची? १९७८ च्या रिझर्व्ह बँकेतला प्रश्न तसाच पुन्हा उभा राहिला. दर वेळी नवी पिढी हा प्रश्न पहिल्यांदाच पडल्यासारखा सोडवायला बसते.

बँकांबाहेर सरकारी सेवेतही हाच प्रश्न होता. ब्रिटनमध्ये फुल्टन समितीने १९६८ मध्ये सर्वज्ञ समजल्या जाणाऱ्या प्रशासकाच्या संस्कृतीवर टीका केली. आपल्याकडे पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने पुढच्याच वर्षी वरिष्ठ जागा विषयवार वाटाव्यात असे सुचवले. कागद तेव्हापासून आहेत. हा केवळ अभ्यासाचा प्रश्न असता तर कधीच सुटला असता. तो सत्तेचा प्रश्न आहे. आपल्या बँकांत दर्जा ठरतो तो हाताखाली किती माणसे आणि किती कोटींचा व्यवसाय यावर. कोणाला किती कळते, हे मोजण्याचे माप आमच्याकडे नाही, म्हणून ते शून्य धरले जाते. काकांची पंचवीस वर्षे आणि माझी तारखांची समज, दोन्ही त्याच मापाखाली शून्य झाली. काका नि मी विरुद्ध बाजूला असल्याचे आम्हाला वाटत होते, पण हिशेबात आम्ही दोघेही एकाच रकान्यात होतो.

माझे म्हणणे स्पष्ट सांगतो. स्पेशालिस्टाला त्याच्या विषयातच स्केल सहापर्यंत जाता आले पाहिजे, हाताखाली एकही माणूस नसला तरी. पगार, दर्जा आणि समितीत मत, हे सगळे पदाबरोबर. त्याच्या मोबदल्यात त्याने शिफारशीची जबाबदारी घ्यावी. चुकीची शिफारस असेल तर चौकशीत त्याचेही नाव यावे. जनरल बाजूची ही मागणी रास्त आहे आणि आम्ही स्पेशालिस्टांनी ती पंचेचाळीस वर्षे टाळली, हे मी कबूल करतो. शाखा चालवणे हाही एक विषय आहे, त्याचेही ज्ञान असते, त्याचेही माप तयार करा. शाखाधिकाऱ्याच्या जागी मुळात शाखा चालवू न इच्छिणारा माणूस केवळ स्केलसाठी पाठवू नका. त्यात शाखेचेही नुकसान आणि त्याचेही. ज्याला रूपांतर हवे त्याला ते मिळू दे, पण ते त्याच्या इच्छेने, आणि जुनी ज्येष्ठता धरून. आणि ज्याला नकार द्यायचा आहे, त्याने नकार देणाऱ्याचा अहवाल लिहू नये. तो अहवाल विषयातल्या वरिष्ठाने लिहावा.

यांतले सगळे एकदम होणार नाही. एक गोष्ट मात्र उद्या सकाळपासून होऊ शकते आणि तिला एक पैसाही लागत नाही. नियम मागच्या तारखेपासून बदलू नका. न्यायालयाने असा अधिकार मान्य केला असला तरी तो वापरू नका. चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शेतकी अधिकारी म्हणून रुजू होताना त्यांच्या हातात एक पान द्या: या विषयात आज प्रत्येक स्केलला किती जागा आहेत, गेल्या पाच वर्षांत किती भरल्या, रूपांतराच्या अटी काय. पुढे बदल झालाच तर तो नव्या भरतीसाठी. जनरल बाजूच्या लिपिकालाही हेच पान द्या. मला खात्री आहे, निम्मी भांडणे या पानाने मिटतील, कारण यादीचा धक्का माणसाला बसतो तो ती उशिरा कळल्याने.

शेवटी माझे राहिलेले सांगतो. त्या चहानंतर पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, मी रूपांतराचा अर्ज दिला. मुलीचे शिक्षण होते, पगाराची गरज होती, आणि शेतकी बाजूला स्केल तीनची जागा लवकर निघण्याची शक्यता नव्हती. काका तेव्हा विभागीय कार्यालयात होते. त्यांनी अर्ज पुढे पाठवण्याआधी मला फोन करून विचारले, "नक्की ना?" मी हो म्हणालो. मला शाखा मिळाली, पुढे स्केलही मिळाले. मी वाईट शाखाधिकारी नव्हतो, चांगलाही नव्हतो.

तासगावची माझी जागा चार वर्षे रिकामी राहिली. पहिल्याच हंगामात द्राक्षाची मंजुरी परत जानेवारीवर गेली. हे मला बँकेतून कोणी कळवले नाही. एका बागाईतदाराने पोस्टकार्ड टाकून कळवले.

आज या सभागृहात दोन्ही बाजूंचे अधिकारी बसले आहेत. तुमच्या बँकेचे बढतीचे धोरण पुढच्या वेळी मंडळासमोर जाईल, तेव्हा दोन संघटनांची दोन निवेदने देऊ नका. एकत्र बसा, एकच निवेदन द्या आणि त्यावर दोघांच्याही सह्या करा.